कुऱ्हाडीच्या घावावरचे शेवाळ

लंडनला जाऊन आलेल्या माणसाने काय काय पाहिले असले पाहिजे, याची एक यादी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ठरलेली आहे. राजवाड्यासमोरचे पहारेकरी, टॉवरमधला कोहिनूर, थेम्सवरचा पूल, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि लॉर्ड्सचे मैदान. यांतले बरेचसे मी पाहिले. नाही म्हणत नाही. पण परत आल्यावर "मग, विशेष काय पाहिलंत?" असे कुणी विचारले की माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो, "शेवाळ!" विचारणारा हातातली कपबशी खाली ठेवतो आणि माझ्या तब्येतीची चौकशी करतो. आमच्या शेजारच्या वहिनींनी तर स्पष्टच सांगितले, "अहो, त्यासाठी विमानाचे एवढे पैसे कशाला घातलेत? आमच्या मोरीत हवं तेवढं आहे!"

वहिनींचे शेवाळ वेगळे आणि माझे वेगळे. आपली भाषा या बाबतीत जरा उदार आहे. मोरीत, तळ्यात, विहिरीच्या पायऱ्यांवर पाय घसरवणारे जे हिरवे बुळबुळीत असते त्यालाही आपण शेवाळ म्हणतो आणि पावसाळ्यात कौलांवर, दगडी गडग्यांवर, आंब्याच्या बुंध्यावर मखमल अंथरल्यासारखे जे उगवते तेही शेवाळच. या मखमलीला इंग्रजीत मॉस म्हणतात. आपल्याकडचे वनस्पतिशास्त्रज्ञ तिला हरिता म्हणतात. हिला खोड-पाने असतात, पण खरी मुळे नसतात. पाणी ती सगळ्या अंगाने पिते. उन्हाळ्यात कागदासारखी वाळते, आणि मृगाची पहिली सर पडली की घटकाभरात हिरवी होऊन बसते. महाबळेश्वरच्या रानातली जांभळीची खोडे ज्यांनी भर पावसाळ्यात पाहिली असतील त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

मी ज्याच्यासाठी पायपीट केली ते शेवाळ याच जातकुळीतले. शास्त्रीय नाव झायगोडॉन फॉर्स्टेरी. साध्या इंग्रजीत त्याला नॉटहोल मॉस म्हणतात, म्हणजे झाडाच्या खोडावर फांदी गळून जो खळगा पडतो त्याच्या काठावरचे शेवाळ. त्याची उंची नखाएवढीही भरत नाही. अख्ख्या ब्रिटनमध्ये त्याचा खरा मुक्काम तीनच रानांत आहे: दक्षिणेकडचे न्यू फॉरेस्ट, लंडनच्या पश्चिमेचे बर्नहॅम बीचेस आणि लंडनच्या ईशान्येला चिकटलेले एपिंग फॉरेस्ट. युरोपातल्या इतर काही देशांतही ते आहे, पण तुरळकच. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या आठव्या परिशिष्टात त्याचे नाव आहे. म्हणजे ते जाणूनबुजून खरवडले तर गुन्हा. वाघाला कायद्याचे संरक्षण असते हे ठाऊक होते. पण नखाएवढ्या शेवाळाला सरकार पाठीशी घालते, हे ऐकल्यावर त्याला भेटल्यावाचून मुंबईला परतणे मला बरे दिसेना.

माझा भाचा ईशान्य लंडनमध्ये राहतो. पोटापाण्यासाठी तो संगणकाशी बोलतो, त्यामुळे झाडांशी त्याचा संबंध फारसा येत नाही. पण त्याच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काटक, आणि गळ्यात दोरीला बांधलेले एक भिंग. सुरुवातीला मला वाटले, वर्तमानपत्र वाचायला असेल. पण मास्तर वर्तमानपत्र नुसत्या डोळ्यांनी वाचतात, भिंग शेवाळासाठी. मी इच्छा बोलून दाखवताच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि एकच प्रश्न विचारला, "तुमचे बूट पाणी आत घेतात का?"

मार्चमधल्या एका ओल्या सकाळी आम्ही तिघे सेंट्रल लाइनने निघालो. ही भुयारी गाडी शहर संपत आले की जमिनीवर येते आणि मग मुंबईच्या लोकलसारखी उघड्यावर धावते. उतरायचे लाउटन स्टेशनवर. तिथून चढाव चढत हाय बीच नावाच्या वाडीपर्यंत चालायचे. घरी फोनवर "आज हाय बीचला चाललोय" असे सांगितले, तर पलीकडून सूचना आली की समुद्रात फार आत जाऊ नका! दोष त्यांचा नाही. देवनागरीत समुद्राचा बीच आणि झाडाचा बीच एकच. गंमत म्हणजे खुद्द इंग्रजांनाही ते जमलेले नाही. या वाडीचे नाव कुणी समुद्राच्या स्पेलिंगने लिहितो, कुणी झाडाच्या. समुद्र मैलोगणती दूर, आणि झाडे मात्र दाराशी.

रानात शिरल्यावर पहिली दहा मिनिटे मी काही बोललो नाही. इंग्लंडातले रान म्हणजे सरळसोट, शिस्तीत उभी राहिलेली झाडे अशी माझी समजूत. इथे सगळाच अवतार निराळा. माणसाच्या डोक्याच्या जरा वर येईपर्यंत प्रत्येक बीचचा बुंधा जाडजूड, गाठीगाठींचा, म्हाताऱ्या हत्तीच्या पायासारखा. आणि तिथे एकदम त्याला फाटे फुटलेले. एकाच जागेवरून आठ-आठ, दहा-दहा सोट, प्रत्येक सोट स्वतंत्र झाडाएवढा, आभाळात गेलेला. बुंध्यावर जागोजाग खळगे, ढोल्या, ओठ फुगल्यासारख्या गाठी. पाने अजून फुटली नव्हती, त्यामुळे तो सगळा सांगाडा स्पष्ट दिसत होता.

"मामा, ही झाडं अशी का वाढलीत?" भाच्याने विचारले. तो तिथून पाऊण तासावर सात वर्षे राहतो आहे.

त्याचे उत्तर मास्तरांच्या आधी मी दिले, कारण मी कोकणातला. आमच्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा म्हणजे कवळ हवे. त्यासाठी ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या दर काही वर्षांनी तोडायच्या, बुंधा मात्र राखायचा. झाड मारायचे नाही, कारण ते मेले तर पुढच्या खेपेला फांद्या कुठून आणायच्या? अशी तोडलेली झाडे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यांचेही बुंधे असेच गाठाळ आणि फांद्या अशाच भलत्या ठिकाणाहून फुटलेल्या. मास्तरांनी हे ऐकून घेतले, दोनदा मान हलवली, आणि त्यानंतर दिवसभर ते माझ्याशी जरा बरोबरीच्या नात्याने बोलू लागले.

इंग्रजीत अशा झाडाला पोलार्ड म्हणतात. पोल म्हणजे डोके. डोके उतरवलेले झाड ते पोलार्ड. (निवडणुकीच्या मतदानाला पोल म्हणतात तेही डोकी मोजण्यावरूनच, तिथे डोकी जागेवर राहतात एवढाच फरक.) या रानात गुरे चरत आणि हरणे फिरत. झाड मुळाशी तोडले तर नवे कोंब ती फस्त करणार. म्हणून गुराचे तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर घाव घालायचा. मिळालेल्या लाकडावर गावची चूल पेटायची. बीच, ओक आणि हॉर्नबीम या तिन्ही झाडांवर शतकानुशतके कुऱ्हाड अशी चालत राहिली. आज या सुमारे सहा हजार एकरांच्या रानात पन्नास हजारांहून अधिक जुने पोलार्ड उभे आहेत, त्यातले कितीतरी तीनशे-चारशे वर्षांचे.

लाउटनच्या गावकऱ्यांचा तोडीचा हक्क मोठा मजेदार होता. अकरा नोव्हेंबरच्या मध्यरात्री तोड सुरू करायची आणि तेवीस एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी थांबवायची. लोकांची अशी समजूत होती की एखाद्या वर्षी त्या रात्री कुणीच पहिला घाव घातला नाही, तर हक्क कायमचा बुडेल. अशी दंतकथा सांगतात की जमीनदाराने एका वर्षी नेमक्या त्याच संध्याकाळी गावकऱ्यांना मेजवानीला बोलावले आणि दारू सढळ हाताने पाजली. सगळे गाव झिंगून टेबलावर माना टाकून बसले. थॉमस विलिंगेल नावाचा एक म्हातारा लाकूडतोड्या तेवढा शुद्धीवर होता. बाराच्या ठोक्याला तो हळूच उठला, टेकडीवर जाऊन एक फांदी तोडली, आणि ती खांद्यावर टाकून यजमानाच्या समोर आणून उभा राहिला. कथा खरी असो वा नसो, मला ती कोर्टाच्या निकालापेक्षा जास्त आवडली.

कोर्टाचा निकालही काही कमी रंगतदार नाही. १८६० नंतरच्या वर्षांत इथल्या जमीनदारांनी रानाला कुंपणे घालायला सुरुवात केली. लाउटनचे जमीनदार रेव्हरंड मेटलंड धर्मगुरूही होते, पण कुंपण घालताना तो भाग आड आला नाही. १८६६ मध्ये विलिंगेलच्या घरातल्या तरुणांना लाकूड तोडल्याबद्दल तुरुंगात जावे लागले. खुद्द विलिंगेल १८७० मध्ये वारला. मग लंडन शहराचे कॉर्पोरेशन या भांडणात उतरले. त्यांचा इथे काय संबंध? तर रानाच्या दक्षिण टोकाला त्यांनी दफनभूमीसाठी एक शेत विकत घेतले होते, आणि त्या जमिनीबरोबर रानात गुरे चारण्याचा हक्क आला होता. स्मशानाच्या मालकाने चराईच्या हक्कासाठी दावा लावला आणि १८७४ मध्ये जिंकला! १८५१ नंतरची कुंपणे बेकायदा ठरली. १८७८ मध्ये पार्लमेंटने कायदा करून हे रान कायमचे लोकांचे केले. ६ मे १८८२ रोजी व्हिक्टोरिया राणी स्वतः हाय बीचला आली आणि तिने समारंभाने ते प्रजेच्या हवाली केले. त्याच दशकात आमच्या ठाणे-कुलाब्यातले शेतकरी राबाच्या हक्कासाठी जंगलखात्याशी भांडत होते आणि मुंबई सरकारला त्यावर कमिशन नेमावे लागले होते. तिकडे मात्र कुणी राणी आली नाही.

इथवर गोष्ट गोड आहे. पण मास्तर एका भल्या थोरल्या बीचला पाठ टेकून म्हणाले, "रान वाचलं, आणि ज्या दिवशी ते वाचलं त्या दिवसापासून माझं शेवाळ मरायला लागलं."

झाले ते असे. कायद्याने रान राखले, पण गावकऱ्यांचा तोडीचा हक्क भरपाई देऊन काढून घेतला. भरपाईच्या पैशांतून लाउटनमध्ये लॉपिंग हॉल नावाची एक झोकदार इमारत बांधली. १८८४ मध्ये उघडलेली ही इमारत अजून उभी आहे आणि तिथे गावचे कार्यक्रम होतात. कुऱ्हाडी मात्र थांबल्या. सगळ्यांना बरे वाटले. झाडाला हात न लावणे म्हणजे झाड राखणे, असे त्यांनाही वाटले आणि आपल्यालाही वाटते. पण ज्या बुंध्याने दर दहा-पंधरा वर्षांनी डोक्यावरचा भार उतरवायची सवय शतकानुशतके लावून घेतली, त्याच्यावर आता दीडशे वर्षांचा भार चढला आहे. पोकळ बुंधा आणि वर दहा झाडांचे ओझे. वादळी रात्री ते झाड उभे चिरते. खालचे रान गर्द होऊन काळोखते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्या दीडशे वर्षांत नवे पोलार्ड झालेच नाहीत. आजोबा आहेत, पण मुलगे-नातू नाहीत, अशी त्या घराण्याची अवस्था.

शेवाळाचा यात काय संबंध, हे मला पुढच्या झाडापाशी कळले. मास्तरांनी चालता चालता मुद्दामच दोन-तीन वळणे जास्त घेतली असावीत, कारण आम्ही कुठे आलो याचा पत्ता भाच्याच्या फोनवरच्या नकाशालाही चटकन लागेना. एका बीचसमोर ते थांबले. बुंध्यावर छातीच्या उंचीला एक खळगा होता. केव्हातरी फांदी तुटलेली, जखम भरताना भोवती सालीचा ओठ फुगून आलेला, आतला गाभा कुजून वाटी झालेली. वाटी पावसाच्या पाण्याने काठोकाठ. पाणी काठावरून हळूहळू पाझरत होते आणि बुंध्यावर त्याचा एक काळसर ओघळ उतरला होता. बीचची साल गुळगुळीत असते, तिच्यावर पाणी ठरत नाही. या एवढ्या झाडावर कायमची ओल कुठे असेल, तर ती त्या ओठावर आणि त्या ओघळात.

"बघा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी गळ्यातले भिंग काढून माझ्या हातात दिले. लग्नातले मंगळसूत्र काढून द्यावे इतक्या नाखुशीने दिले.

नुसत्या डोळ्यांना ओठाच्या कडेवर एक हिरवा डाग दिसत होता, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. भिंग डोळ्याला लावून नाक सालीला टेकवले तेव्हा त्या डागाचे रान झाले. इवलीइवली ताठ रोपे दाटीने उभी. प्रत्येकाला चमच्यासारखी, टोकाकडे रुंद झालेली पाने, पाण्याने भरून आतून उजेड आल्यासारखी. त्यांतून केसासारखे देठ वर आलेले आणि प्रत्येक देठावर एक बोंड. या बोंडांत धुळीसारखी बीजे असतात, ती वाऱ्यावर जातात. जाऊन जाऊन बसायचे कुठे? तर अशाच दुसऱ्या एखाद्या झाडाच्या, अशाच भरलेल्या जखमेच्या, अशाच ओल्या ओठावर. कधीकधी बीचच्या वर आलेल्या मुळांत पाणी साचते, तिथेही ते वस्ती करते. पण मुळांवर माणसांचे बूट पडतात.

त्याच्या नावातला फॉर्स्टर म्हणजे एडवर्ड फॉर्स्टर. हा या रानाच्या काठावरच राहणारा एक बँकवाला. दिवसा पेढी आणि पहाटे वनस्पती असा त्याचा क्रम. १८४९ मध्ये पटकीने वारला. शेवाळाला त्याचे नाव दिले जेम्स डिक्सनने. या डिक्सनचे लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये बियाणांचे दुकान होते, आणि त्याचा मेहुणा म्हणजे आफ्रिकेत नायजर नदीचा शोध घेणारा मंगो पार्क! दिवाळीचे सुटीतले वाचन असल्यामुळे सांगतो: मेहुण्याचे नाव शाळेच्या पुस्तकात आले, दुकानदाराचे आले नाही. पण पायाखालची बारीकसारीक रोपटी ओळखण्यात त्या काळच्या इंग्लंडात त्याचा हात धरणारे फार थोडे होते.

फॉर्स्टरच्या काळात या रानावर कुऱ्हाड चालू होती. मग कोळशाचा धूर आला. लंडनच्या धुरातल्या गंधकाने झाडांच्या साली आंबट केल्या आणि सालीवरची किती तरी शेवाळे, दगडफुले नाहीशी झाली. १९५२ च्या डिसेंबरातल्या त्या भयंकर धुरक्यानंतर १९५६ मध्ये हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा झाला. पुढे गंधक कमी होत गेले, तशी काही शेवाळे परतली. मास्तरांना त्याचा आनंद आहे. पण त्यांच्या या शेवाळाला नुसती हवा पुरत नाही, जखम लागते. शिवाय आता मोटारींचा धूर आहे. लंडनला वेढा घालणारा एम २५ नावाचा प्रचंड रस्ता रानाच्या उत्तर भागात बेल कॉमनच्या खालून बोगद्यातून नेला आहे. १९८४ पासून तो चालू आहे, आणि त्याच्या बरोबर डोक्यावर क्रिकेटचे मैदान! खाली हजारो मोटारी धावताहेत आणि वर कुणी निवांत लेगब्रेक टाकतो आहे. हे मात्र इंग्रजांनाच सुचावे.

तर मग उपाय? उपाय सांगायला सोपा आहे: पुन्हा तोडा. गेल्या काही दशकांत या रानात आणि बर्नहॅम बीचेसमध्येही तोड पुन्हा सुरू झाली आहे. बर्नहॅम बीचेसही १८८० मध्ये याच कॉर्पोरेशनने विकत घेतले, त्यामुळे शेवाळाच्या तीन घरांपैकी दोघांचा मालक एकच. पण म्हाताऱ्या बीचचे डोके एकदम उतरवले तर तो पुन्हा फुटतोच असे नाही, कित्येकदा मरतो. म्हणून थोडा भार या वर्षी, थोडा काही वर्षांनी, असे फार बेताने करावे लागते. गुरेही परत आणली आहेत. लांब शिंगांची, आपल्या खिलारांशी शिंगांत बरोबरी करणारी. त्यांच्या गळ्यात घंटेऐवजी उपग्रहाशी बोलणारा पट्टा असतो. ठरलेल्या हद्दीपलीकडे पाऊल पडू लागले की तो सूर काढतो. भाचा रानात पहिल्यांदा खूश झाला तो इथे.

"लोक काय म्हणतात?" मी विचारले.

"लोक?" मास्तर हसले. "परवाच एका बाईंनी मला थांबवून विचारलं, ही झाडं तोडणाऱ्या राक्षसांची तक्रार कुठे करायची. कुत्र्याला फिरवायला आल्या होत्या. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. मी त्यांना भिंग दिलं."

"मग?"

"पाहिलं. म्हणाल्या, छान आहे, पण याच्यासाठी झाड कापायचं?"

हा प्रश्न मला बाईंचा म्हणून सोडून देता येईना. माझ्या मनातही तो येऊन गेला होता. मास्तरांनी त्याचे उत्तर दिले नाही. ते खिशातून मोजपट्टी काढून त्या डागाची लांबी-रुंदी घेत होते. खांद्यावरच्या पिशवीतून एक वही निघाली, तिच्यात झाडाचा नंबर, तारीख आणि आकडे पडले. मागची पाने त्यांनी उलटून दाखवली. अशी बरीच झाडे होती, आणि त्यातल्या काहींच्या पुढे एकच शब्द लिहिलेला होता, "पडले." झाड पडले की साल सुटते, वाटी कलंडते, ओघळ वाळतो.

परतताना वाटेला लागून काही कोवळे बीच दिसले. बुंधा मांडीएवढा. डोक्याच्या वर, गुराचे तोंड पोचणार नाही अशा उंचीवर, नुकतेच छाटलेले. घाव ताजे, पिवळसर, आणि कडेने चार-पाच कोंब. मी विचारले, यांना खळगे कधी पडतील? मास्तर थांबले आणि हिशोब करू लागले. पुढची तोड अमुक वर्षांनी, मग त्याच्या पुढची, मग एखादी फांदी कुजायला लागेल, वाटी व्हायला आणखी काही दशके. "शंभर वर्षं धरा," ते म्हणाले. "ओली वर्षं आली तर थोडी कमी." मग त्यांनी मोजपट्टी पुन्हा काढली, त्यातल्या पहिल्या झाडाचा घेर घेतला, आणि वहीत एक नवे पान उघडून त्याला नंबर दिला.